राखणदाराच्या डोक्यावरून गेलेली नळी

नळी तोंडाने ओढावी तर केरूनेच, असं अख्खी वाडी म्हणायची. रेशनच्या दुकानात रॉकेलचं पिंप आलं की दुकानदार आधी केरूला हाक मारी. केरू नळीचं एक टोक पिंपात सोडी, दुसरं ओठांत धरी, एक झुरका घेई आणि रॉकेल दातांपर्यंत पोचायच्या आत नळी डब्यात. जिभेला थेंब लागत नसे म्हणे. ते खरंखोटं त्याच्या बायकोला, हिराला ठाऊक.

ही हिरा चौऱ्याऐंशीच्या माघात पोटाच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला दवाखान्यात पडली. उशाशी सलाईनची बाटली, हाताला नळी. केरू तीन दिवस त्या नळीतले थेंब बघत बसला.

"अवो, जरा माझ्याकडं पन बघा," हिरा म्हणाली.

डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने हंडा उचलायचा नाही. केरूने मान हलवली खरी, पण ही बाई ऐकणारी नव्हती. घरात पाणी नाही म्हटलं की टाके सुकायच्या आत झऱ्यावर जायची. शनिवारी तिला घरी सोडणार होते. त्याआधी पाणी दारात यायला हवं होतं.

बुधवारी केरूने देवरुखातून काळ्या नळीचं भेंडोळं यष्टीच्या टपावर घालून आणलं. झरा घराच्या वरच्या अंगाला, पण वाटेत ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. देवाच्या पुढ्यातून नळी जमिनीवर टाकायची आणि माणसांनी ती ओलांडायची? केरूला ते पटेना. त्याने नळी ऐनाच्या बेचक्यातून नेली, देवाच्या चांगली डोक्यावरून. मग खालच्या टोकाला तोंड लावलं. गाल दुखले, पण पाणी आलं. घटकाभर वाहिलं नि थांबलं. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबलं. शुक्रवारपर्यंत त्याला भाकरी चावता येईना.

शेवटी भागोजी गवंडी आपली पारदर्शक नळी घेऊन आला. जोत्याची पातळी तो तिच्यातल्या पाण्यावरच बघायचा. एक टोक झऱ्याशी धरलं, दुसरं ऐनाच्या खोडाला.

"हे बघ मेल्या. झऱ्याचं पानी हितवर. तुझं बेचकं त्याच्यावर दीड हात. वर हवा साठते नि धार तुटते. खाली घे."

"आनि देवाला काय सांगू?"

"मला काय इचारतोस? त्याला इचार."

केरूने नारळ ठेवला, हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, बायको उद्या येतेय. ऐकनारी न्हाय, तुला ठाव हाय. नळी तुझ्या पाठीमागनं मातीत पुरतो. काय चुकलंमाकलं तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" मागून भागोजी.

संध्याकाळपर्यंत नळी मातीत गेली. केरूने एकदाच तोंड लावलं आणि धार लागली ती लागलीच.

शनिवारी हिरा पायरीवर टेकली. अंगणात पाणी खळाळताना पाहून तिने कपाळाला हात लावला.

"अवो, किती पानी फुकट जातंय! टोक अळवात सोडा. नि मी झऱ्यावर न्हाय गेले तर सखू, गोदा भेटायच्या कुठं?"

"त्यास्नी हिकडं बोलव."

त्या आल्याच. आपापले हंडे घेऊन आल्या, तासभर बसल्या, आणि हिराने सहा महिने बसल्या जागेवरून साऱ्या वाडीची खबर घेतली.