पाणी सोडलेले पैसे

धुंडिराज घरी आहे की नाही, हे रामघाटाच्या गल्लीत उभं राहूनच कळायचं. वरच्या खिडकीतून बारीक घंट्या ऐकू आल्या की समजायचं, आहे. नव्या माणसाला वाटे, पूजा चालली असेल. घर भटजीचंच होतं. पण त्या घंट्या मोबाईलमधल्या होत्या.

केयूरला हे कळलं ते मालविकावहिनीच्या फोनमुळे. मालविका ही धुंडिराजची बायको. गेल्या वर्षी तिला इंदूरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची नोकरी लागली. तेव्हापासून ती तिथल्या शिक्षिकांच्या वसतिगृहात राहत होती.

"स्लॉट खेळतो म्हणे तो मोबाईलवर, पैसे लावून चित्रं जुळवायचा जुगार," ती म्हणाली. "शाळा मला क्वार्टर देते आहे. दोघांचं हवं की एकटीपुरती खोली चालेल, ते सोमवारी लिहून द्यायचं आहे. त्याला विचारलं की 'सांगतो' म्हणतो. कर्जात बुडाला असेल, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. तू जाऊन बघ, केयूर. तुला खोटं नाही सांगणार तो."

केयूर त्याच गल्लीतला, धुंडिराजपेक्षा लहान. घाटावर पोहायला धुंडिराजनंच त्याला शिकवलेलं. केयूरनं साहित्यात एम.ए. केलं आणि मग घरी बसला. गल्लीत सगळे त्याला विचारायचे, आता पुढे काय. धुंडिराजनं कधी विचारलं नव्हतं.

दुपारी तो जिना चढला. वाटेत त्यानं मनात भाषण जुळवलं होतं. कर्ज, व्यसन, वहिनी, याच क्रमानं.

धुंडिराज भिंतीला टेकून बसला होता. सकाळचं सोवळं दोरीवर वाळत होतं. हातात मोबाईल. पडद्यावर आंबे, मोर, कमळं गरगर फिरत होती.

"या, साहित्यिक," तो म्हणाला. "चहा ठेव. मलाही."

"धुंडीदादा, किती कर्ज झालंय?"

"तुझ्या वहिनीनं पाठवलं वाटतं." तो हसला. "बस ना यार. कर्ज बिर्ज काही नाही."

केयूरचा विश्वास बसला नाही. धुंडिराजनं मुकाट्यानं बँकेचं पान उघडून मोबाईल त्याच्या हातात दिला. खरंच काही नव्हतं. उलट शिल्लक होती. केयूरच्या भाषणाचा पहिलाच मुद्दा गेला.

"मग खेळतोस ते कशावर?"

"पाणी सोडतो आधी."

केयूरला कळेना. धुंडिराजनं समजावलं, यजमानाला विधी समजावावा तसं, घाई न करता. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तो स्नानाला उतरतो. त्या महिन्यात खेळावर किती घालवायचे, ते ठरवतो. ओंजळीत पाणी घेतो, संकल्प करतो, 'न मम' म्हणतो आणि सोडतो. तेवढे पैसे तिथंच आपले राहिले नाहीत. मग हरले तर काय गेलं? आपलं नव्हतंच. त्याहून जास्त एक रुपया नाही.

"एकदाही नाही?"

"संकल्प मोडून कुठं जाऊ? लोकांना तोच सांगून पोट भरतो ना."

"आणि जिंकलास तर?"

"तेही खेळाच्या आतच राहतं. दिलेलं परत घेतो का कोणी?"

केयूर चहा गाळता गाळता थांबला. दिवसभर ही खिडकी का वाजते ते त्याला आता समजलं. हरण्याला बांध होता. जिंकण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आलेलं पुन्हा आत फिरायचं आणि महिनाभर पुरायचं.

"तू खेळ तरी कसले निवडतोस?" त्यानं विचारलं. खरं तर त्याला आणखी थोडा वेळ हवा होता.

धुंडिराजला हा प्रश्न आवडला. तो सरसावून बसला.

"व्होलॅटिलिटी बघायची, म्हणजे खेळ कसा देतो ते. यजमान असतात ना, तसंच. एक यजमान दर पिंडाला दहा-वीस ठेवत जातो. दुसरा काही ठेवत नाही. शेवटी एकदम पाकीट देतो, नाहीतर हात जोडून चालता होतो. खेळही असेच. काही घडोघडी थोडं थोडं देतात. काही तासन्‌तास मुके, आणि आलं तर घबाड."

"म्हणजे शेवटी कुठला फायद्याचा?"

"कुठलाच नाही रे. लांबचा हिशेब लावला तर दोन्ही तुझ्याकडूनच घेतात. तशी बांधणीच आहे त्यांची. फक्त वाट बघायची तऱ्हा निराळी."

"आणि तू?"

"मी थोडं थोडं देणारा घेतो." त्यानं पडद्याला बोट लावलं. कमळं जुळली, घंटी वाजली. जिंकलेली रक्कम लावलेल्या रकमेपेक्षाही कमी होती. "बघ. हरलो तरी वाजतं. मुका खेळ मला नाही सोसत. खोली आधीच गप्प असते."

केयूरनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

धुंडिराजचा आवाज गल्लीत सगळ्यांत चांगला. वडील गेल्यावर घाटावरचं काम त्याच्याकडे आलं. साताऱ्याहून, नाशकाहून लोक इथं लांब उत्तरेत आईबापांचे विधी करायला यायचे. तो त्यांना मेलेल्याचं नाव, गोत्र विचारायचा. माणसं त्याच्यासमोर पोरांसारखी रडायची. दुपारी त्याच्या पाया पडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जायची. पुन्हा कधी भेटायची नाहीत. एवढ्या लोकांचं रडणं ऐकलेल्या माणसाशी दुपारनंतर बोलायला कोणी नव्हतं. केयूर याच गल्लीत राहत होता. त्यालाही हे दिसलं नव्हतं.

"इंदूरला का जात नाहीस, दादा?"

"गेलो होतो की दिवाळीनंतर. ती सकाळी शाळेत गेली. मी पाहुण्यांच्या खोलीत. तिथं मला कोणी गुरुजी म्हणत नाही, केयूर. मी पंखा बघत पडायचो, ती यायची वाट बघत. आली की दमलेली. मी विचारायचो, चहा करू? ती म्हणायची, पिऊन आले." त्यानं मोबाईल उचलला. "तो मुका खेळ. कधीतरी घबाड येईल म्हणून दिवस दिवस बसायचं. इथं निदान लगेच वाजतं."

"सोमवारी तिला लिहून द्यायचंय."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी महिन्याची पहिली तारीख होती. केयूर मुद्दाम सकाळी घाटावर गेला. धुंडिराज कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं ओंजळ भरली. ओठ हलले. एरवी हे काम पटकन होत असणार, पण आज ओंजळ बराच वेळ तशीच राहिली. पाणी बोटांतून झिरपून अर्धं झालं. मग त्यानं उरलेलं सोडलं आणि पायऱ्यांवर आला.

"या महिन्याचे किती?" केयूरनं विचारलं.

"पैशाचं नाही सोडलं."

"मग?"

"इंदूरच्या घराचं सोडलं. एकटीची खोली लिही म्हणावं तिला. उगाच दोन खोल्या कशाला झाडायच्या तिनं." तो डोकं पुसत होता. पंचा तोंडावरून लवकर निघाला नाही.

केयूर पायऱ्या चढून वर गेला.  

घाटाच्या वरच्या पायरीवर बसून त्यानं मालविकाला फोन लावला. कर्ज नाही, हे आधी सांगितलं. मग खेळाचं, घंट्यांचं, पंख्याचं. मग ओंजळीचं. सांगताना त्याला वाटलं, आपण एखाद्याचं लग्न मोडल्याचा निरोप देतो आहोत.

 तिच्या मागे शाळेची प्रार्थना ऐकू येत होती.

"कर्ज असतं तर सोपं होतं," ती म्हणाली. "फेडलं असतं दोघांनी. तो शेजारी आहे का?"

"खाली आहे."

"त्याला विचार, घर कोणाचं? शाळेचं. मिळणार कोणाला? मला. जे आपलं नाही त्यावर पाणी सोडता येतं का? हे तो यजमानांना रोज सांगतो. माझ्या बापालाही सांगितलं होतं त्यानं, तो काकांची जमीन दान द्यायला निघाला तेव्हा. सगळ्यांसमोर." मागची प्रार्थना संपली होती. "म्हणावं, विधी चुकला गुरुजी. मी दोघांचं लिहिते आहे. आणि दिवाळीनंतर चहा पिऊन यायचे मी, कारण त्याला उठवायचं जिवावर यायचं. पंख्याकडे बघत पडलेला असायचा, हे आज कळतंय. मला वाटायचं, झोपलाय."

केयूर खाली गेला. शब्दाला शब्द सांगितला. धुंडिराज ओल्या पायरीवर बसून ऐकत होता.

"चुकलाच," तो शेवटी म्हणाला. "वडील असते तर कान धरला असता."

त्यानं घाटावरचं काम चुलतभावाकडे सोपवलं आणि इंदूरचं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी केयूर स्टेशनवर गेला. पिशवीत सोवळं, पंचांग, आणि वर मोबाईल.

"तो खेळ काढून टाकलास ना?"

"नाही." धुंडिराजनं डोळे चुकवले नाहीत. "तुला खोटं कशाला सांगू? तिथंही वाजेल कदाचित. पण ओरडायला माणूस असेल."

गाडी गेली. केयूर मैदागिनच्या चौकात रिक्षातून उतरून चालत आला. रामघाटाच्या गल्लीत शिरल्यावर सवयीनं त्याची मान वर गेली. खिडकी लावलेली होती. तो काही वेळ तिथंच थांबला. मग पाठीमागून कोणीतरी विचारलं, "का भइया, अब आगे क्या?" आणि तो चालू लागला.