सरांनी वर्षभर वाट बघितलेला वास

शिकलगार सर साठ वर्षांचे झाले, तवा त्यांच्या ह्या गौरव अंकात चार शब्द लिवा, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. मी गावच्या शाळंत सातवीपतूर शिकल्याली. माझं लिवणं बोलण्यावाणीच हाय, गोड मानून घ्या.

सरांची वळख झाली ती तेलामुळं. मुरगूडजवळ आमचं रान हाय. आमच्या मालकांनी लई वर्सं रासायनिक खत-औषधाबिगर भुईमूग पिकवला आनि लाकडी घाण्यावर तेल काढलं. गाव म्हणायचं, "म्होरनं शेणखत, मागनं युरिया!" मालक हसून सोडायचे, पर जेवताना गप व्हायचे. तसेच गप देवाघरी गेले. मग मी ठरवलं, त्यांचा शब्द खरा हुता ह्ये गावाला दावायचंच. कोल्हापुरात कालेजातले एक सर यंत्र लावून वासावरनं तेल वळखत्यात असं कळलं. मालकांच्या शेवटच्या पिकाचं तेल बाटलीत भरून गेले.

सर एक बाटली नाकाला लावून बसलेले. मी म्हणलं, "सर, यंत्र बिघडलंय व्हय?"

"न्हाय वैनी. यंत्राच्या आदी नाकाचा मान." त्यांनी माझी बाटली हुंगली आनि विचारलं, "शेंगदाणं भाजल्यात काय?"

"परतलं की जरा! एवढ्या मोठ्या सायबाकडं न्यायचं, वास नगो सुटाया?"

सरांनी कपाळाला हात लावला. "वैनी, सेंद्रिय आनि खतावरच्या तेलाच्या वासात फरक असला, तर तो लई बारीक. भाजल्याचा वास म्हंजे हलगी. हलगी वाजाय लागल्यावर कुजबुज कशी ऐकू याची?"

हौसंपायी मीच मालकांची साक्ष बुडवली हुती. त्यांच्या हातचं घरात आता नुसतं पेरायचं बी उरलं हुतं. म्हणलं, "त्येच घालते घाण्यात."

"बी मोडायचं न्हाय," सर म्हणले. "पेरा. मी थांबतो."

आनि थांबले की वर्षभर! त्यांच्या सांगण्यावरनं त्येच बी बांधापल्याडच्या धोंडीबा भावजींनी खत घालून पेरलं, मी मालकांच्या रीतीनं. दोन्हींचं तेल कच्च्या दाण्याचं, एकाच घाण्यावर काढलं. "बाटल्यांवर नावं नगोत, नुसतं आकडं घाला," सरांची ताकीद. "न्हायतर माझं मन तुमच्याकडं झुकंल."

"झुकू दे की थोडं! लई वर्सांत कुणाचं झुकलं न्हाय," मी म्हणलं. सर लाजून लाल झाले, पर आकडंच घालाय लावलं.

यंत्रानं वासाचा एकेक पदर सुटा करून कागदावर डोंगरावाणी रेघा काढल्या. आमच्या सगळ्या बाटल्या एकीकडं गेल्या, भावजींच्या दुसरीकडं. सरांनी लिवलं, ह्या दोन रानांच्या तेलाचा वास येगळा हाय. बाकीच्या तेलांचं ह्यावरनं सांगता येत न्हाय. मी रुसून फुगले. "सर, आमचे मालक कधी खोटं वागले न्हाईत, एवढी एक वळ लिवली तर तुमचं काय जातंय?"

"मालकांनी कधी एक मूठ युरिया टाकला हुता काय?"

"चिमूटभर न्हाय!"

"मग मी एक वळ जास्ती कशी लिवू, वैनी?"

मालकांना सरांनी कधी बघितलं बी न्हवतं. तरी त्यांच्या तोंडनं मालक बोलल्यागत वाटलं. मी पदर तोंडाला लावला.

धोंडीबा भावजींनी तो कागद दोनदा वाचला. म्हणले, "वैनी, चुकलंच आमचं." ज्यांनी ऐकायचं, ते न्हवते.

एकदा मी सरांना विचारलं, "यंत्र तेलाचा वास धरतंय, माणसाचा धरंल काय? मालकांचा एक सदरा ट्रंकंत हाय. वास कमी कमी व्हाय लागलाय." सर हसले न्हाईत. म्हणले, "यंत्र वास मोजतंय आनि सोडून देतंय, ठेवत न्हाय. सदरा घरातच ऱ्हाऊ दे."

सरांना निरोगी, लांब आयुष्य मिळू दे. मालकांची साठी बघायची ऱ्हाऊन गेली. त्यांची उरल्याली वर्सं सरांना लागू देत. मातर सर, नीट वापरा. मालकांची हायती, भेसळ चालायची न्हाय.