खिडकीतली छाती

आमच्या घराच्या मागच्या खिडकीत बाबांची छाती लावलेली होती.

काच फुटली होती. नवी काच आणायला चांदूर रेल्वेला जायला कोणाला सवड नव्हती, म्हणून मायने बाबांच्या एक्स-रेची फिल्म त्या चौकटीत बसवली. आमच्याकडे यात नवल नाही. कोणाच्या खिडकीत गुडघा असतो, कोणाच्या खिडकीत मनगट. पण बाबा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

ते अमरावतीबाहेर सिमेंटचे पत्रे करायच्या एका कारखान्यात होते. तो केव्हाच बंद पडला. पोती फोडून त्यातला ॲस्बेस्टॉसचा पांढरा भुगा मिक्सरमध्ये ओतायचं त्यांचं काम. पुढे पुढे दम पुरेना, तर बसूनच झोपायचे. त्यांच्या आजारपणात माझी शाळा सुटली, ती कायमची. ते गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यावर लिहून आलं, टीबी.

दुपार कलली की ऊन त्या फिल्ममधून आत यायचं. फिल्मवर हाडं पांढरी असतात, त्यामुळे जमिनीवर उजेडाच्या बरगड्या पडायच्या आणि मधली फुफ्फुसं काळी. माय पोळ्या लाटायला बसली की बरगड्या सरकत सरकत तिच्या पाठीवर चढायच्या. उजवीकडे खाली एक वाकडा पांढरा ठिपकाही पडायचा, मुरमुऱ्याएवढा. मायला वाटलं, काही सांडलं. तिने तो झाडला, मग उचलायला बोट लावलं, तर तो तिच्या नखावर येऊन बसला.

"हा निंघतच नाही वं," ती म्हणाली.

मला त्याहून भीती वाटायची वाऱ्याची. फिल्म चौकटीत ढिली होती. वारा आला की ती फुगायची आणि मग आत ओढली जायची. पुन्हा फुगायची. बाबांना जे शेवटी जमलं नाही ते खिडकी करत होती. मी मागच्या खोलीत एकटी थांबत नसे. मग मायने काहीतरी घडी करून फटीत कोंबलं, तेव्हा कुठे तो आवाज थांबला.

लग्न झालं आणि मी नवऱ्यासोबत इकडे तिरुपूरला आले, बनियनच्या कारखान्यात, शिलाईवर. इथली भाषा अजून नीट येत नाही. एकदा अकोल्याहून फोन आला. एक वकीलबाई होत्या. बाबांच्या कारखान्यात दम्या-खोकल्याने गेलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी त्या भरपाईचे दावे लावत होत्या, आणि फी मागत नव्हत्या. खरं सांगते, फी नाही म्हटल्यावर मी जास्तच घाबरले.

"कंपनीवाले म्हणतात, तुमचे वडील टीबीने गेले," त्या म्हणाल्या. "ते खरं ठरलं तर आपला दावा संपला. दवाखान्याचे कागद, छातीचा फोटो, काही आहे का ताई?"

मी मायला फोन लावला.

"कागद? ते त तेरवीच्या आधीच जाळले, अंथरुनासंगं." आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण गावाबाहेर नेऊन जाळतात. कागदांची पिशवी बाबांच्या उशाखाली असायची, ती तशीच गुंडाळली गेली. "मले का मालूम, मेल्यावर बी कागद लागते म्हणून? फोटो तेवढा राह्यला. थो खिडकीत हाय."

सुपरवायझरने सुट्टी दिली. त्याचे उपकार मी विसरत नाही.

घरी पोचले आणि खिडकीला हात लावला, तर माय मागून म्हणाली, "हळू काढ वं. खोकला येईन त्यायले."

ती हसली. मला हसू आलं नाही.

फिल्म हातात आली तेव्हा कळलं, वरची पट्टी कापलेली होती. नाव, नंबर, तारीख, सगळं असतं तीच पट्टी.

"माय, हे काहून कापलं वं?"

"चौकटीत बसे नाही न."

"मंग खालून कापायचं!"

"खाली त त्यायचं आंग हाय. आंगाले कैची लावू मी? नाव काय, मले पाठ हाय."

बिननावाची छाती कोणाचीही असू शकते, कंपनीचा वकील हेच म्हणणार. "ती पट्टी कुठं टाकली?" मी विचारलं. मायने खिडकीच्या फटीकडे बोट दाखवलं. तिथे कोंबलेली घडी मी नखाने उकरून काढली. उन्हाने पिवळी पडलेली ती पट्टीच होती. नाव अर्धं उडालं होतं, नंबर पुरता वाचता येत होता. मी ती कपाळाला लावली.

खिडकीला आम्ही फळी ठोकली. दुपारी जरा आडवी झाले तर तोच आवाज. फुगतंय, ओढलं जातंय. मी उठून फळीला कान लावला. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. आवाज खाटेवरून येत होता. माय झोपली होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच अकोल्याला गेले. वकीलबाई आम्हाला एका छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पट्टी तिच्या वरच्या कडेला टेकवली. मायची कैची वाकडीतिकडी चालली होती. वळणाला वळण बसलं. डॉक्टरांनी उजवीकडे खाली बोट ठेवलं.

"हे पांढरं दिसतं? टीबीत असं इथं येत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू वर्षानुवर्षं आत गेले की फुफ्फुसाच्या आवरणावर असा कडक थर धरतो."

"हा त आपला मुरमुरा," माय माझ्या कानात म्हणाली.

वकीलबाईंनी नंबर लिहून घेतला. "दवाखान्यातून या नंबरची नोंद काढते. निकालाचं मी बोलत नाही, पण दावा उभा राहिला." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्या मागेच सरकल्या. तेवढ्यात मायला ढास लागली. डॉक्टरांनी मान वळवली.

"आजी, तुम्ही पण होत्या का कारखान्यात?"

"मी काहून जाऊ? मी त त्यायचे कपडे धुवो."

धुवायच्या आधी ती ते झटकायची, हे मी सांगितलं. रोज संध्याकाळी अंगणात, आणि मी मुद्दाम त्या पांढऱ्या धुळीत उभी राहायची. बाबा म्हणायचे, "आली आमची म्हातारी!" कारखान्याच्या रिकाम्या पोत्यांची मायने वाकळ शिवली होती, तिच्यावर आम्ही सगळे झोपायचो, हेही सांगितलं. सांगता सांगता माझाच घसा खवखवायला लागला. आजही नवऱ्याचा शर्ट मी घरात झटकू देत नाही.

मायचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो बाबांच्या शेजारी लावला. दोघं असे शेजारी लग्नाच्या फोटोतच होते. मी फक्त उजवीकडे खाली पाहिलं. तिथे दाणा होता. बारीक, पण होता.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना विचारलं, मायचाही दावा लागेल का.

"कायदा कामावरच्या माणसाला ओळखतो ताई. त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला नाही ओळखत," त्या म्हणाल्या. "तरी तिचा फोटो जपून ठेवा. मी मांडून पाहते."

परतीच्या बसमध्ये मायने आपल्या फोटोचा मोठा लिफाफा मांडीवर आडवा धरला होता. गचका बसला की दोन्ही हात त्याच्यावर ठेवायची. मूर्तिजापूर गेलं. मग लिफाफ्यावर लिहिलेल्या आपल्या नावावरून तिने बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही.

"खिडकीले आता काच आन वं," ती म्हणाली. "हा मी कापत नाही."