नोझल ताटात, इंजिन चालू

भुताच्या गोष्टी मी फार रंगवून सांगतो, मानत मात्र एकही नाही. लग्नघरी रात्री चार पाहुण्यांना घाबरवल्याशिवाय मला झोप येत नाही! पण हे माझ्याच शेडमध्ये घडलं... तेही भर सकाळी.

आमची झेंडूची शेती मखमलाबादला, नाशिकला अगदी खेटून. विहिरीजवळच्या शेडमध्ये वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, जुनं डिझेल इंजिन आहे. काय रूप सांगू! दोन्ही बाजूंना कमरेएवढी चाकं आणि त्यांचे आरे लाडात आल्यासारखे वळलेले. सरळ का नाहीत? ओतीव लोखंड थंड होताना तडकू नये म्हणून! माथ्यावर पितळी तेलकुपी, थेट अत्तरदाणी. धुराच्या नळीवर आप्पांनी पत्र्याचं झाकण लावलेलं, त्यामुळे टुक-टण्ण, टुक-टण्ण घरापर्यंत ऐकू यायचं. आवाज थांबला की आप्पा निघाले असं समजून माझी बायको सुमन चहा टाकायची.

आप्पा गेले, विजेची मोटार आली, इंजिन मुकं झालं. सुमनला त्या जागेत फुलांचं पॅकिंग करायचं होतं.

"खंडेनवमीपर्यंत चालू करा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते."

"करणारच!"

ओझरहून मेकॅनिक सलीमभाईंना आणलं. ते म्हणाले, "शेठ, ह्याला आता हार घाला."

"घालू. आधी चालू करा."

खंडेनवमी उजाडली तरी सलीमभाई इंजिन उघडूनच बसलेले. सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारं नोझल काढून पुसत होते. सुमन कडाडली, "आज हत्यारं पुजायची असतात, राबवायची नाहीत. ठेवा ते!"

त्यांचे पाने, माझं खुरपं, नोझल... सगळं ताटात गेलं, वर हळदकुंकू. चाकाला झेंडूचा हार.

मी नारळ फोडला — आणि चाक हललं.

"हाराचं वजन," मी म्हणालो.

टुक... टण्ण. टुक... टण्ण. हार तुटून फुलं आमच्या तोंडावर उडाली. नळीतून धुराची वेटोळी निघाली. सलीमभाई एकदा इंजिनाकडे बघत होते, एकदा ताटाकडे.

"शेठ, नोझल तर हितं हाय! टाकीत डिझेल बी नाय!"

मग ते थांबलं. सुमन घराकडे वळली.

"चहा टाकते. आप्पा येतील."

दारापर्यंत जाऊन ती थबकली. मागे मात्र वळली नाही.

भंगारवाल्याचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही. पॅकिंग ओसरीवर चालतं आणि नोझल देव्हाऱ्यात आहे. ते बसवून इंजिन चालू झालं तर त्यात काय मोठंसं, असं ती म्हणते. कोणी वारा सांगतं, कोणी हाराचं वजन. धुराचं विचारलं की निघायची घाई करतात. दर खंडेनवमीला मी चाकाला हार घालून कान लावून बसतो. अजून काही नाही. पण बसणार!

तुमच्याकडे काही उत्तर असेल तर त्या दिवशी अवश्य या. चहा असतोच... सुमन एक कप आधीच जास्त टाकते.