गुळवेलीचा काढा

ही गोष्ट बायकोला माहीत नाही, दादाला माहीत नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. दुकानातल्या स्टुलावर बसून तासन्‌तास गप्पा मारणारे मित्र आहेत — त्यांनाही कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्यापासूनही लपवली असती. निदान एवढं तरी सुरुवातीलाच खरं बोलून घेतो.

माझं श्रीरामपुरात मेडिकल आहे. दुकान लहान, पण चालतं. डॉक्टरकडे जायच्या आधी लोक माझ्याकडे येतात, आणि मीही चष्मा नाकावर सरकवून असा काही चेहरा करतो की अर्धा आजार तिथेच बरा व्हावा. आईला याचा कोण अभिमान! रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायरीवर बसून ती बायकांची दुखणी गोळा करायची आणि सगळ्यांना एकच सल्ला द्यायची, ‘‘आमच्या शमूला इचार. त्याला समदं कळतंय.’’

समदं कळत होतं मला. खरोखरच कळत होतं. अडचण तीच आहे.

आई दादाकडे राहायची. दादा साखर कारखान्यात नोकरीला, दिवसभर बाहेर. म्हणजे आईचं सगळं करायची ती एस्तेरवहिनी. वहिनी पाथर्डीकडची. घरामागच्या कडुनिंबावर तिने गुळवेल चढवली होती आणि रोज सकाळी तिचा कपभर काढा करून ती आईला द्यायची. आई तोंड वाकडं करायची, ‘‘इख हाय हे इख,’’ म्हणायची आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. मग दोघी ओट्यावर बसून भाजी निवडायच्या, गल्लीतल्या प्रत्येकाची यथासांग उजळणी करायच्या. सासू-सुनेचं इतकं जमलेलं मी फार घरांत पाहिलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय. काय मोडलं, ते तुम्हाला कळायला हवं.

त्या उन्हाळ्यात आई एका लग्नाला जाऊन आली आणि तिला जुलाब लागले. उलट्याही. इथल्या डॉक्टरांनी औषध दिलं, जुलाब थांबले. पण लघवीही थांबली. पाय सुजले, तोंड सुजलं, उचकी लागली ती जाईना. मेलेल्या मावशीला हाका मारायला लागली तेव्हा आम्ही घाबरलो आणि गाडी करून तिला नगरला नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी दादाला, मला आणि वहिनीला बाहेर बोलावून समजावलं. किडन्या अचानक बंद पडल्या आहेत, डायलिसिस लागेल. दादा अडूनच बसला — एकदा मशीनला लावलं की माणूस सुटत नाही, आमच्या शेजारचे गेले की असेच. मॅडमनी चिडायला हवं होतं, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ते वेगळं. त्यांच्या किडन्या हळूहळू झिजल्या होत्या. यांच्या किडन्यांना धक्का बसलाय. मशीन तेवढ्यापुरतं काम करील, त्यांना सावरायला वेळ मिळेल. पण वय बघा. या वयातले काही जण मशीन लावूनही वाचत नाहीत. काही वाचतात, पण मशीन कायमचं मागे लागतं. आणि काही उठून घरी जातात. तुमच्या आई यातल्या कुठल्या, ते मी आज सांगू शकत नाही.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. सही त्याने केली. इथवर मी चांगला मुलगा होतो. इथेच थांबता आलं असतं तर?

सही झाल्यावर मॅडमनी विचारलं, घरी काय काय औषधं घेतात?

मी बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं. मिलिग्रॅमसकट सांगितलं — दुकानदारी, दुसरं काय. वहिनी मागे थर्मास धरून उभी होती. तिला कुणी विचारलेलं नव्हतं. तीच पुढे होऊन म्हणाली, ‘‘मी गुळवेलीचा काढा देते त्यान्ला. रोज.’’ मॅडमनी ते लिहून घेतलं. झाडपाल्याने कधी कधी किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, ‘‘बाकी काही? गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या वगैरे? तुमचं मेडिकल आहे म्हणालात ना?’’

मी म्हणालो, ‘‘नाही. काढा सोडून काही नाही.’’

आता खरं काय ते ऐका. आईचे गुडघे कित्येक वर्षं दुखत होते आणि त्यासाठीची गोळी मी तिला देत होतो. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात ती पट्ट्या ठेवायची. बरं वाटायचं तिला. पण तेवढंच असतं तर मी कदाचित बोललोही असतो. जुलाब लागले त्या दिवसांत तिचा फोन आला होता, अंग ठणकतंय म्हणून. तीच गोळी मी स्वतः नेऊन दिली. दोन वेळा घे, म्हणालो. अंगातलं पाणी कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ही गोळी द्यायची नसते, किडनी बसते — हे मला शिकवलेलं आहे. परीक्षेत आलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं.

मग का बोललो नाही? आत आई मरायला टेकली होती, आणि ती गेली असती तर तिला मारणारा मी ठरलो असतो. दादासमोर, गावासमोर, त्या लहान वयाच्या मॅडमसमोर. मला भीती वाटली. आणि काढा तिथे आयताच आला होता. वहिनीने स्वतःहून आणून ठेवला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी तर गप्पसुद्धा बसलो नाही.

आईच्या मानेत नळी घातली, मशीन सुरू झालं. मशीनवर असताना तिचं बीपी पडायचं, ती थंडीने कुडकुडायची, एकदा तर सिस्टर धावत आल्या आणि आम्हाला वाटलं संपलं. मी काचेबाहेर उभा राहून प्रार्थना करत होतो. काय मागत होतो? आई वाचू दे, हे तर होतंच. त्याच्या खाली आणखी एक मागणं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि ती वाचली. एका सकाळी लघवीच्या पिशवीत थोडं पाणी दिसलं. दादा, मी, वहिनी त्या पिशवीकडे असे बघत उभे, जणू घरात पाळणा हलला होता. दुसऱ्या दिवशी जास्त, मग आणखी. मशीन सुटलं. मॅडम स्वतः म्हणाल्या, या वयात इतकं स्वच्छ सुटलेलं नेहमी बघायला मिळत नाही. घरी सोडताना त्यांनी बजावलं, दुखण्याच्या गोळ्या आयुष्यात द्यायच्या नाहीत, आणि तो काढाही बंद. मी शहाण्या माणसासारखी मान डोलावली. घरी आल्याबरोबर पावडरचा डबा उचलून नेला.

आमच्यात असं संकट टळलं की घरी उपकारस्तुती ठेवतात. पाळकसाहेब येतात, शेजारपाजार येतो, गाणी होतात, आणि घरातलं कुणीतरी उभं राहून साक्ष देतं — देवाने काय केलं ते. मी उभा राहिलो. बोलायची हौस मला आहेच. मशीन, नळी, ती पिशवी, सगळं रंगवून सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. आणि त्या भरात मी म्हणालो, अज्ञानाने दिलेल्या एका काढ्यामुळे आमची आई मरणाच्या दारात गेली होती, पण प्रभूने तिला परत आणलं.

कुणी मला ते बोलायला लावलं नव्हतं. आई बरी झाली होती, चौकशी संपली होती. माझी मलाच खात्री करून घ्यायची होती, बहुतेक. वहिनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो सगळ्यांसमोर फिरवला. आईसमोर आली तेव्हा आईने कप घेतला नाही.

त्यानंतर आईने वहिनीच्या हातचं पाणीही घेतलं नाही. ‘‘तुजा चा नगं मला. एकदा पाजलंस तेवढं पुरं.’’ काठी टेकत जाऊन स्वतःचा चहा स्वतः करायची, स्वतःची भाकरी स्वतः थापायची, वाकडीतिकडी. बाकी सगळं वहिनीच करत होती — अंघोळ, कपडे, पाय चेपणं. पण ओट्यावरची भाजी एकटीच निवडायची. कडुनिंबावरचा वेल वहिनीने स्वतःच्या हाताने ओढून काढला, तुकडे करून जाळला. मी तेव्हा अंगणातच होतो. अर्धवट वाळलेला होता, धूर फार झाला.

आई पुढे बरीच वर्षं जगली. किडन्या शेवटपर्यंत उत्तम. दर तपासणीचा कागद बघून माझा जीव भांड्यात पडायचा, आणि मग ध्यानात यायचं — आणखी एक वर्ष वहिनीला तसंच काढायचं आहे. आई जगली याचा आनंद मला झाला. तो खोटा नव्हता.

मी जाऊन तिच्या गुडघ्यांना मलम चोळायचो. एकदा म्हणाली, ‘‘शमू, तुजी ती गोळी लई गुणाची हुती रं. का बंद केलीस?’’ मी म्हणालो, कंपनीच बंद पडली, आई. ‘‘अरारा,’’ म्हणाली. तिला त्या कंपनीचं वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेतच गेली, वयाने. दफनविधीनंतर माणसं पांगली आणि मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी चहा घेऊन आली, समोर बसली. मग म्हणाली, ‘‘भाऊजी, एक इचारू का? आता आत्याबाई न्हाईत, म्हनून इचारते. खरंच माज्या काढ्यानंच झालं हुतं का हो? तुमी शिकलेले, तुमाला कळतं.’’

आई मातीखाली होती. तिला काही कळणार नव्हतं. दादा आत झोपला होता. वहिनीने हे कुणाला सांगितलंही नसतं, तिचा स्वभाव मला माहीत आहे. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, ‘‘झालं असेल वहिनी. पण तुम्ही काय मुद्दाम केलं नव्हतं.’’

माफ केल्यासारखं म्हणालो. ती ‘‘बरं’’ म्हणाली, माझा रिकामा कप उचलला आणि आत गेली.

आता तिचेही गुडघे दुखतात. परवा दुकानात आली होती. शेजारणीने सांगितलेलं कसलंतरी मुळीचं चूर्ण घेऊ का, म्हणून विचारत होती. मनाने काही घ्यायची हिंमत होत नाही, म्हणाली. मी मलमाची ट्यूब दिली. ती तिने पदराच्या टोकात बांधली आणि गिऱ्हाइकं उभी होती त्यांना म्हणाली, ‘‘आमचे भाऊजी हायेत म्हनून बरं हाय.’’

मी पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.