शेवटच्या खोलीखालचं पेव

पिंपरीत कारखाना सुरू झाला आणि आसपास भाड्याच्या खोल्यांना मागणी आली, तेव्हा आम्ही चिंचवडात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून चार खोल्यांची जुनी चाळ विकत घेतली. एका खोलीत आम्ही राहायचं, बाकीच्या तीन भाड्यानं द्यायच्या. घेताना यांनी कौलं पाहिली, वाशांना वाळवी लागलीय का ते पाहिलं. भिंती कशावर उभ्या आहेत ते यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.

शेवटच्या खोलीत कोकणातलं एक जोडपं आलं. तो कारखान्यात जायचा, ती तान्ह्या मुलीला घेऊन घरी असायची. एका सकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, जरा ऐकायला या. मिरच्या कुटताना जमीन वाजते."

मी गेले. तिनं मुसळ हाणलं आणि रिकाम्या माठावर थाप मारावी तसा आवाज आला. मधल्या भिंतीच्या कडेनं बोट जाईल एवढी भेग होती.

"तीनदा लिंपली, पुन्हा उघडते," ती म्हणाली.

मुलगी त्या भेगेपासून हातभर अंतरावर गोधडीवर झोपली होती. मी न विचारताच तिला उचललं.

हे म्हणाले, "जुनं घर आहे. जमीन बसते थोडी." पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीचं दार चौकटीत अडकलं, आणि हे स्वतःच रहाटणीहून एका म्हाताऱ्या गवंड्याला घेऊन आले. तो पहारीनं जमीन ठोकत चालला. ठक, ठक, आणि भिंतीपाशी एकदम घुमल्यासारखं. त्यानं पहार उचलली.

"समदी भाईर व्हा. हितं खाली पेव हाय."

धान्य साठवायला जमिनीत खणलेलं पेव मी माहेरी पाहिलं होतं. शेजारचा एक माणूस नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरला, तो आतल्या कोंडलेल्या हवेत गुदमरला, वर आला नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. संध्याकाळी दोघांना अंगणात शेजारी शेजारी ठेवलेलं मला अजून दिसतं. गवंड्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

जमीन उकरली तशी पेवाच्या तोंडावरची शिळा दिसली. ती मधोमध तडकली होती आणि आमची अर्धी भिंत त्या तडकलेल्या शिळेवर उभी होती. छपराला टेकू देऊन भिंत उतरवली, शिळेचा तुकडा पहारीनं बाजूला केला. आतून कुबट वास आला.

"किती खोल आहे बघतो," म्हणत हे पाय आत सोडायला बसले.

चारचौघांत नवऱ्याला हात लावायची तेव्हा पद्धत नव्हती. मी मागून यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला. "आधी कंदील सोडा. माझी शपथ आहे."

गवंड्यानं पेटता कंदील दोरानं खाली सोडला. माणूसभर खाली गेला असेल नसेल, तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. हे मागे सरकले आणि भिंतीच्या दगडांवर बसून राहिले.

आठवडाभर पेव उघडं ठेवलं. कोकणातलं कुटुंब आमच्याच खोलीत राहिलं. मी दिवसभर त्या तोंडाशी काठी घेऊन बसायचे, चाळीतलं एखादं मूल धावत येईल म्हणून. मी उठले आणि तेवढ्यात कुणी पडलं तर, या धास्तीनं जेवणही तिथंच. रोज कंदील सोडायचा. शेवटी तो तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा दगड-मुरूम टाकून पेव चोपून भरलं आणि नव्या पायावर भिंत उभी केली.

हे व्यापाऱ्याला जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, "आमच्या आजोबांच्या वेळचं पेव ते. तुम्ही विचारलंत कुठं?"

कोकणातल्या बाईनं त्या खोलीत परत पाऊल टाकलं नाही. तिला आमची खोली दिली आणि त्या शेवटच्या खोलीत आम्ही गेलो. गवंड्यानं बाकीच्या खोल्याही ठोकून पाहिल्या. सगळीकडे जमीन भरीव होती. तरी मी कितीतरी दिवस भिंतीच्या कडेला पाऊल टाकत नव्हते. हे हसतील म्हणून बोललेही नाही. एकदा सकाळी चहा घेताना हेच हळूच म्हणाले, "खाट जरा दाराजवळ ओढू या का?"

मी कप खाली ठेवला आणि खाटेचं दुसरं टोक धरलं.