बाजरीच्या जुडीची बोली

हे मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर अजूनही नाही. त्या हंगामाच्या सणाला माझ्या भावाची बाजरी मी भक्तीनं घेतली नव्हती. त्याला ती कशासाठी हवी होती हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी बोली लावली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पीक निघालं की हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात-परसात जे आलं ते तो वेदीपुढं आणून ठेवतो. भोपळा, कोंबडी, वांगी, काहीही. उपासना संपली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो आणि आलेले पैसे मंडळीला जातात. आमचे वडील करमाडच्या शेतातल्या बाजरीच्या कणसांची जुडी आणायचे आणि स्वतःच बोली लावून परत न्यायचे. प्रार्थना झालेले ते दाणे पुढच्या पेरणीच्या बियाण्यात मूठभर मिसळायचे. त्या जुडीवर दुसरं कुणी बोलत नसे. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांमागं दादानं तेच चालू ठेवलं.

आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जुने देव सोडले, असं घरात सांगत. मला सोडायला काहीच नव्हतं; मी जन्मलो तोच या विश्वासात. त्यामुळं खोटा देव ही दुसऱ्यांची भानगड, असं धरून चाललो. रविवारी मुलांना तोच धडा शिकवायचो आणि सोमवारी पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या चौकोनांपुढं उभा राहायचो. शेंद्र्याला कारखाने आले, शहर जालना रोडनं पसरत चाललं, तसा मी प्लॉटच्या धंद्यात शिरलो होतो. लोक टँकरमागं हंडे घेऊन धावत आणि मी गिऱ्हाइकाला कॉर्नरचा प्लॉट दाखवत असे. मंडळीनं मला पंच केलं. देणगी वाचताना माझं नाव मोठ्यानं घेतलं जायचं. ते ऐकताना जे वाटायचं, ते प्रार्थनेत कधी वाटलं नव्हतं.

वडिलांचं शेतही मला विकायचं होतं. दादा म्हणाला, "माझ्या हयातीत नाय." त्याच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

त्या वर्षी पावसाअभावी कणसं करंगळीएवढीच भरली. लिलाव पुकारणारे निवृत्त गुरुजी म्हणाले, "बोला मंडळी, दुष्काळाची बाजरी हाय! एकेक दाणा मोत्याचा!" दादानं नेहमीची बोली सांगितली. गुरुजी जुडी त्याच्या हातात द्यायला वळले, तोच मी दुप्पट म्हणालो.

"आता प्लॉटवाल्याला बाजरी बी लागती व्हय!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि थोडी वाढवली. मी पुन्हा दुप्पट केली. त्याचा खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर आला.

"घे बाबा," तो म्हणाला. "कशाला घेतली, तेवढं देवाला सांग."

टाळ्या वाजल्या. पाळकसाहेबांनी माझ्या उदार मनाबद्दल देवाचे आभार मानले. मी डोळे मिटून आमेन म्हणालो. जुडी गाडीच्या डिकीत पडून राहिली. पुढं कधीतरी गच्चीवर टाकली, पाखरांनी खाल्ली.

पुढच्या वर्षीही पाऊस रुसला. त्यात माझ्या बोलीचा काही हात नव्हता, एवढं मला कळतं. पण दादा उपासनेला यायचा बंद झाला. लोक म्हणाले, धाकट्याचं बरं चाललेलं त्याला बघवत नाही. मी ऐकलं आणि गप्प बसलो. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

वैनी मात्र येत राहिली. पंच म्हणून प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकाशी मीच फिरवायचो. एका रविवारी ताट तिच्यापुढं धरलं, तर तिनं तुकडा उचलला नाही. बाहेर चपला घालताना म्हणाली, "भावजी, तुमच्या हातची भाकर आज गिळवंना. ते रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना करत्यात. तुम्ही त्यांचं कवा घेता?"

मी घेत नव्हतो. खरं तर माझ्याशिवाय कुणाचंच घेत नव्हतो.

त्याच आठवड्यात करमाडला गेलो. दादा पाण्याची टाकी घासत होता.

"वाट चुकला का? शेत इकायचं नाय, आधीच सांगतो."

"शेतासाठी नाही आलो, दादा."

मग सगळं सांगितलं. त्याचं घासणं काही थांबलं नाही.

"मला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "तुला बाजरी नकोच व्हती. मला खाली बघायला लावायचं व्हतं."

"माफ कर."

"लई आधी केलंय. नायतर प्रार्थनेला तोंड कसं उघडलं असतं? पण लोकं मला जळका म्हणत्यात, तुझ्या वैनीला ऐकावं लागतं. ते माझ्या माफीनं पुसलं जात नाय. ते तुझ्याकडं हाय."

त्यानं चहा पाजला. देवाकडची माफी मला आजवर सोपी वाटत आली होती, कारण ती मागताना भाऊ समोर नसायचा. त्या दिवशी कपबशी हातात धरून मी पहिल्यांदा मनातल्या मनात त्याचं नाव घेतलं. त्याहून मोठी प्रार्थना सुचली नाही.

तेव्हापासून मी प्रभुभोजनाचं ताट उचललेलं नाही. पाळकसाहेबांना हात दुखतो म्हणून सांगितलं, तेही खोटंच. इथं लिहिणं जमलं, मंडळीपुढं उभं राहणं जमलेलं नाही. माझा भाऊ जळका नव्हता आणि मी उदार नव्हतो, हे त्या सगळ्यांना माझ्या तोंडानं सांगायचं मी दादाचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.